त्वरक आणि लेसर भौतिकीची युरोपीय संयुक्त पदवी : कोणी जावे, कोणी थांबावे

वारणाकाठ (धागाकर्ता)

भौतिकशास्त्र शिकणारे मराठी विद्यार्थी मला व्यक्तिगत निरोपांतून एकच प्रश्न वारंवार विचारतात : ‘लास्काला’साठी अर्ज करावा का? प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे. मी युरोपातल्या एका सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत (जिथे रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरवून त्यांच्यापासून निघणारा तीव्र प्रकाश वापरतात) बीमच्या, म्हणजे कणांच्या झोताच्या, गतिकीवर काम करतो आणि अशा अभ्यासक्रमांतून प्रबंधासाठी येणाऱ्या मुलांशी माझा नेहमी संबंध येतो.

‘लास्काला’ हा युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेतला दोन वर्षांचा, १२० युरोपीय क्रेडिटांचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मोठे कणत्वरक आणि मोठे लेसर हा त्याचा विषय. पॅरिस-साक्ले विद्यापीठ त्याचे सूत्रधार असून रोमचे सापिएन्झा, स्वीडनमधले लुंड आणि हंगेरीतले सेगेद ही विद्यापीठे भागीदार आहेत. विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकावे लागते आणि अध्यापन इंग्रजीतून होते.

बहुतेकांची गफलत सुरुवातीलाच होते, म्हणून ते आधी सांगतो. हा कणभौतिकीचा अभ्यासक्रम नाही. हिग्ज बोसॉनचे गुणधर्म किंवा न्यूट्रिनोंचे वस्तुमान यांत ज्याचा जीव रमतो, त्याच्या दृष्टीने त्वरक हे साधन असते. इथे ते साधन हाच अभ्यासविषय आहे. इलेक्ट्रॉनांचा पुंज रिंगमध्ये तासन्‌तास टिकतो कसा आणि कधी अचानक का निसटतो, चुंबकाच्या जागेत केसाच्या जाडीएवढा फरक पडला तर कक्षा किती सरकते, कणांना वेग देणाऱ्या नायोबियमच्या पोकळ्या २ केल्विन तापमानाला का ठेवाव्या लागतात, लेसरचा स्पंद काही फेमटोसेकंदांचा करायचा असेल तर त्यातल्या प्रत्येक रंगाला किती उशीर द्यायचा, अशा प्रश्नांत ज्याला दिवस कमी पडतो त्याच्यासाठी हे शिक्षण आहे.

नकाशावर ही चार गावे विस्कळीत दिसतात, पण त्यांच्यातले धागे जुने आहेत. ब्रुनो टाउशेक या ऑस्ट्रियात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० साली रोमजवळच्या फ्रास्काती प्रयोगशाळेत एकाच रिंगमध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन उलट दिशांनी फिरवण्याची कल्पना मांडली, आणि ‘आदा’ नावाची ती छोटी रिंग १९६१ मध्ये चालू झाली. फ्रास्कातीत तिच्यात पुरेसे कण भरता येत नव्हते. पॅरिसजवळच्या ओर्सेला मात्र दमदार रेषीय त्वरक होता, म्हणून १९६२ च्या उन्हाळ्यात ती रिंग इटलीहून फ्रान्समध्ये नेण्यात आली. तिथे कण वाढले आणि त्याबरोबर एक नवीनच अडचण उभी राहिली. पुंज जितका दाट, तितके त्यातले कण आपापसांत धडकून एकमेकांची ऊर्जा बदलतात. रिंगला पेलवणार नाही इतका फरक पडला की ते बाहेर फेकले जातात. यालाच टाउशेक परिणाम म्हणतात. हा केवळ इतिहास नाही. आजच्या अतिसूक्ष्म बीमच्या रिंगांमध्ये बीमचे आयुष्य मुख्यतः हाच परिणाम ठरवतो. लुंडच्या मॅक्स-४ या सिंक्रोट्रॉनमध्ये पुंज मुद्दाम लांबवण्यासाठी जादा रेडिओवारंवारतेच्या पोकळ्या बसवलेल्या आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

लेसरच्या बाजूलाही असाच दुवा आहे. अ‍ॅन ल्हुइलिए यांनी १९८७ मध्ये साक्लेला अवरक्त लेसर निष्क्रिय वायूत सोडला, तेव्हा मूळ वारंवारतेच्या कितीतरी पट वारंवारतेचा प्रकाश बाहेर पडताना दिसला. पुढे त्या लुंडला गेल्या आणि त्याच वाटेवरच्या अ‍ॅटोसेकंद स्पंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही अब्जांशात मोजायच्या प्रकाशस्पंदांच्या, कामासाठी २०२३ चे नोबेल त्यांना, पिएर अगोस्तिनी आणि हंगेरीत जन्मलेले फेरेन्त्स क्राउस यांना विभागून मिळाले. सेगेदला आज ‘एली-आल्प्स’ ही अ‍ॅटोसेकंद लेसरांची मोठी संस्था आहे.

अभ्यासात काय असते? हॅमिल्टनची गतिकी, विद्युतचुंबकत्व आणि विशेष सापेक्षता यांवर पकड असल्याचे गृहीत धरून बीमचे प्रकाशिकीशास्त्र सुरू होते : चतुर्ध्रुवी चुंबकांनी बीम आळीपाळीने एका दिशेत आवळायचा आणि दुसऱ्या दिशेत सैल सोडायचा, तरी एकूण तो आवळलेलाच राहतो हे १९५० च्या सुमारास उमगलेले तत्त्व, मग रेडिओवारंवारतेच्या पोकळ्यांतली कला-स्थिरता (कण लहरीच्या योग्य टप्प्यावरच टिकून राहणे), मग अरेषीय परिणाम. एमिटन्स ही राशी पहिल्याच सत्रात भेटते आणि पुढे सुटत नाही. वारीतले सगळे वारकरी पंढरपूरकडेच निघालेले असतात, तरी कोणी जरा डावीकडे सरकतो, कोणी उजवीकडे. बीममधल्या कणांचा हा पसारा आणि दिशांमधला फरक यांचा गुणाकार म्हणजे ढोबळमानाने एमिटन्स. मॅक्स-४ च्या ३ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या रिंगमध्ये तो सुमारे ३३० पिकोमीटर-रेडियन इतका खाली आणला, आणि तेही ५२८ मीटर परिघात. तोवरच्या रिंगांमध्ये एका घरात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुंबकांच्या गटात, दोन किंवा तीन वळणचुंबक असत, इथे सात ठेवले. चुंबक इतके जवळ आले की निर्वात नळीचा आतला व्यास २२ मिलिमीटरवर आला, तेवढ्या अरुंद नळीतून नेहमीच्या पंपांनी हवा ओढून घेणे अवघड, म्हणून तांब्याच्या नळीच्या आतल्या भिंतीवरच वायू शोषणारा लेप द्यावा लागला. भौतिकीतला एक निर्णय यांत्रिकी, निर्वात आणि धातुशास्त्र यांना कसा ओढत नेतो, हे समजावून घेण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. २०१६ साली ही रिंग सुरू झाल्यानंतर जगातल्या बहुतेक सिंक्रोट्रॉनांनी आपापल्या नूतनीकरणात हीच वाट धरली.

आता माझे मत. बी.एस्सी. नंतर ज्याला यंत्रांमध्येच काम करायचे आहे त्याने अवश्य अर्ज करावा. ज्याची भारतातली एम.एस्सी. पूर्ण होत आली आहे, त्याने मात्र दुसरी पदव्युत्तर पदवी घेण्याआधी थेट पीएच.डी.चे अर्ज करून पाहावेत.

अबोली_पुणे

लेखाबद्दल आभार, दादा. मी पुण्यात एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) भाग एकमध्ये आहे, त्यामुळे शेवटचे वाक्य मला नेमके लागले. आमच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात काही एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा रेसट्रॅक मायक्रोट्रॉन हा छोटा इलेक्ट्रॉन त्वरक आहे आणि त्यावर पदार्थांच्या किरणनाचे बरेच काम झालेले आहे, पण एक विषय म्हणून त्वरक भौतिकी मला अभ्यासक्रमात मिळालेली नाही. अशा स्थितीत थेट पीएच.डी.साठी मला कोणी विचारात घेईल का, की पायाच नाही म्हणून नकार मिळेल? दुसरे असे की, पायथन आणि थोडे सी-प्लसप्लस येते, पण प्रयोगशाळेत हाताने केलेले काम कमी आहे. हे आड येईल का?

नाना इंदूरकर

माझी उमेदीची वर्षे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात गेली. आमच्या वेळी त्याला नुसते ‘कॅट’ म्हणत, नाव बदलले २००५ च्या अखेरीस. त्यामुळे या विषयावर न लिहिणे जमणार नाही.

वारणाकाठ यांनी युरोपची चार गावे छान गुंफली आहेत, पण आपल्याकडेही यंत्रे आहेत आणि त्यांचा हिशोब या धाग्यात यायला हवा. इंडस-१ ही ४५० एमईव्हीची रिंग १९९९ मध्ये चालू झाली. इंडस-२ ही २.५ जीईव्हीची, १७२.५ मीटर परिघाची. दोन्ही रिंगांना कण पुरवणारी साखळी एकच आहे : २० एमईव्हीचा मायक्रोट्रॉन, त्यापुढे बूस्टर सिंक्रोट्रॉन. इंडस-२ ला बूस्टरकडून इलेक्ट्रॉन मिळतात ते ५५० एमईव्हीचे. उरलेली चढण ते रिंगमध्येच चढतात. मॅक्स-४ मध्ये रेषीय त्वरक थेट ३ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे रिंग चालू ठेवूनच वरून भर घालता येते. आमच्याकडे बीम भरायचा, मग चढवायचा, मग वापरकर्त्यांना द्यायचा. युरोपातल्या मुलांना हे जुनाट वाटेल, पण चुंबकांचे शेकडो विद्युतपुरवठे एका तालात वर नेताना बीम न गमावणे ही कला शिकायची असेल तर असे यंत्र उत्तम शिक्षक असते. पूर्ण ऊर्जेला भरल्या जाणाऱ्या रिंगवर तो धडा मिळत नाही.

प्रशिक्षणाचे म्हणाल तर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून आहे आणि इंदूरलाही तिची शाखा आहे, जिथे लेसर आणि त्वरक हेच मुख्य विषय असतात. एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीनंतर परीक्षा अथवा गेटचे गुण आणि मुलाखत यांमधून निवड होते, वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण आणि त्यानंतर वैज्ञानिक अधिकाऱ्याची नोकरी. बदल्यात ठरावीक काळ सेवेचे बंधपत्र. ज्याला घरची जबाबदारी आहे त्याने हा मार्ग आधी पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आणि इथे राहिले म्हणजे जगापासून तुटले असेही नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या महात्वरकासाठी हजारोंच्या संख्येने सुधारक चुंबक आणि ते अवाढव्य चुंबक अचूक टेकवणारे जॅक भारतातून गेले, त्यात इंदूरचा मोठा वाटा होता. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये पिप-२ नावाचा ८०० एमईव्हीचा अतिसंवाहक प्रोटॉन त्वरक उभा राहत आहे, त्यातही अणुऊर्जा विभागाच्या संस्था भागीदार आहेत. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य असल्याने आपल्या नागरिकांना तिथल्या मर्यादित मुदतीच्या नोकऱ्यांसाठी अर्जही करता येतो. बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसते.

शंकासुर

दोन शंका आहेत. पहिली अशी की, लेसर आणि प्लाझ्मा (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) वापरून काही सेंटिमीटरांत जीईव्ही मिळू लागले आहेत असे वाचतो. मग पुढची दोन वर्षे तांब्याच्या पोकळ्या आणि चुंबक शिकण्यात घालवणे म्हणजे मोटार आल्यावर टांगा हाकायला शिकणे नव्हे काय? दुसरी शंका पोटापाण्याची. जगात मोठे त्वरक असे असून किती असतील? एवढ्या अरुंद विषयात पदवी घेऊन ते दार बंद झाले तर माणसाने जावे कुठे?

सप्तरंग

शंकासुर यांच्या पहिल्या शंकेला मी उत्तर देतो, कारण मी लेसरवाला आहे आणि या बाबतीत आमच्याच लोकांनी थोडा अतिउत्साह दाखवलेला आहे.

मूळ कल्पना १९७९ ची, ताजिमा आणि डॉसन यांची. तीव्र लेसर स्पंद प्लाझ्मातून गेला की तो इलेक्ट्रॉनांना बाजूला सारतो, मागे प्रभाराची लाट उठते आणि त्या लाटेत योग्य जागी सापडलेला इलेक्ट्रॉन प्रचंड विद्युतक्षेत्रात वेग घेतो. नेहमीच्या पोकळीत दर मीटरला काही दहा मेगाव्होल्ट मिळतात, कारण त्यापुढे पोकळीत ठिणग्या उडतात किंवा अतिसंवाहकता मोडते. प्लाझ्मा आधीच मोडलेला असतो, त्याला आणखी मोडण्याचे भय नाही. तिथे दर मीटरला १०० गिगाव्होल्टच्या घरात जाता येते. पण १९७९ मध्ये तसा लेसर नव्हता. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी वाट काढली : स्पंद आधी ताणून लांब करायचा म्हणजे त्याची तीव्रता उतरते, मग तो निर्धास्त वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. वर्धकातला स्फटिक जळत नाही आणि बाहेर पडणारा स्पंद मात्र अफाट तीव्र असतो. या कामाला २०१८ चे नोबेल मिळाले.

त्यानंतर २००४ मध्ये तीन गटांनी, त्यातला एक पॅरिसजवळच्या पालेझोचा, एकाच सुमारास ठरावीक ऊर्जेचे नेटके इलेक्ट्रॉन पुंज मिळवून दाखवले. २०१९ मध्ये बर्कलेला २० सेंटिमीटरांत ७.८ जीईव्ही गाठले गेले. हॅम्बुर्गच्या युरोपीय एक्सफेल या क्ष-किरण लेसरला १७.५ जीईव्हीसाठी सुमारे १.७ किलोमीटर लांबीचा अतिसंवाहक त्वरक लागतो. हे आकडे शेजारी ठेवले की शंकासुर यांची शंका रास्तच वाटते.

पण दुसरे आकडेही शेजारी ठेवायला हवेत. ते एक्सफेल यंत्र सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकते. बर्कलेचा पेटावॅट लेसर सेकंदाला एक. पुंजातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या, त्यांच्या ऊर्जेचा पसारा, या स्पंदापासून पुढच्या स्पंदापर्यंतची स्थिरता, आणि भिंतीतल्या विजेपैकी किती टक्के बीममध्ये पोचते, या प्रत्येक कसोटीवर प्लाझ्मा अजून मागे आहे. २०२१ मध्ये शांघायला लेसर-प्लाझ्मा इलेक्ट्रॉनांनी आणि २०२२ मध्ये फ्रास्कातीला बीमने चालवलेल्या प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांनी मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर (चुंबकांमधून नागमोडी नेलेल्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणारा) चालवून दाखवला, हे मोठे टप्पे होते, आणि दोन्ही ठिकाणी यश आले ते बीमची गुणवत्ता जपता आली म्हणून. तिथे पुन्हा एमिटन्स आला, चतुर्ध्रुवी चुंबक आले, बीमचे निदान आले. म्हणजे टांगा सुटलेला नाही. घोडा बदलतो आहे आणि लगाम धरणारे मात्र तेच लागत आहेत. प्लाझ्मा गटांना सध्या ज्या माणसांची चणचण जाणवते ती लेसर आणि त्वरक या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांची, आणि या पदवीत हे दोन विषय एकत्र ठेवलेले आहेत ते मला तरी त्याच कारणाने योग्य वाटते.

लेसरकडे वळणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘मोठा लेसर’ म्हणजे एकाच जातीचे यंत्र नव्हे. साक्लेच्या पठारावरचा अपोलों १० पेटावॅटच्या उद्दिष्टाने बांधलेला आहे आणि तिथे एकेका स्पंदासाठी थांबावे लागते. सेगेदला उलटे आहे : ऊर्जा कमी, पण स्पंद प्रकाशलहरीच्या मोजक्याच आवर्तनांएवढे आखूड, आणि सेकंदाला हजार ते लाख. पहिल्या ठिकाणी प्रत्येक स्पंद हा एक स्वतंत्र प्रयोग असतो, दुसऱ्या ठिकाणी सांख्यिकीवर जगता येते. स्वभावाला कोणते मानवेल ते प्रबंधाचा विषय निवडण्याआधी ठरवावे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उच्च-तीव्रता लेसर प्रयोगशाळा आहे आणि इंदूरलाही १५० टेरावॅटचा लेसर आहे. उन्हाळी प्रकल्प मिळाला तर हा स्वभाव भारतातच तपासून पाहता येईल.

खारघरकर

मी रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीचे काम करतो. शंकासुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाला धरून लिहितो.

त्वरक म्हणजे सर्न, असे समजणे चुकीचे आहे. जगभरात तीस हजारांहून अधिक त्वरक चालू आहेत असा अंदाज नेहमी दिला जातो आणि त्यांतले संशोधनासाठी असलेले अगदी थोडे. बाकीचे कर्करोगाच्या उपचारात, अर्धवाहकांमध्ये आयन रोवण्यात, तारांचे वेष्टन पक्के करण्यात आणि वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्यात गुंतलेले असतात. आमच्या खारघरचेच पाहा : भाभा केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम केंद्र इथे आहे आणि टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत सायक्लोट्रॉनवर चालणारी प्रोटॉन उपचाराची सोय २०२३ पासून रुग्णांसाठी खुली झाली आहे. पवईच्या आय.आय.टी.च्या आवारातल्या ‘समीर’ संस्थेने देशी वैद्यकीय रेषीय त्वरक विकसित केले आहेत. ही यंत्रे रचणाऱ्या, जुळवणाऱ्या आणि सुधारणाऱ्या कंपन्या युरोपात आहेत, तिथे या पदवीला किंमत आहे.

मात्र एक इशारा ठळकपणे देतो. भारतात रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञ म्हणून काम करायचे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्य असलेली विकिरण भौतिकीची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका लागते. अणुशक्तिनगरची पदविका त्यातली सर्वांत परिचित. त्वरक भौतिकीची पदवी कितीही नामांकित असली तरी ती या अटीत बसत नाही. ‘परत आलो तर रुग्णालयात नोकरी आहेच’ असा हिशोब कोणी करत असेल, तर तो आताच सोडावा.

वारणाकाठ

खारघरकर, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. नानांच्या बीम चढवण्याच्या मुद्द्याशीही मी पूर्ण सहमत आहे.

आता पैसे आणि परवाने, कारण निरोपांत याबद्दलच सर्वाधिक विचारणा होते. इरॅस्मस मुंडुसची शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो असते आणि कमाल २४ महिने मिळते, म्हणजे दोन वर्षांत ३३,६०० युरो. शिष्यवृत्तीधारकाला शुल्क भरावे लागत नाही. प्रवास, व्हिसा आणि राहणे मात्र याच रकमेतून भागवायचे. लुंडमध्ये आणि पॅरिसच्या परिसरात ही रक्कम पुरते, शिल्लक फारशी उरत नाही. सेगेदला तीच रक्कम ऐसपैस वाटते. सर्वसाधारण शिष्यवृत्त्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक एका देशाच्या नागरिकांना देता येत नाहीत असा नियम आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, भारतीय अर्जदाराची स्पर्धा प्रामुख्याने इतर भारतीयांशीच असते, आणि त्यांची संख्या मोठी असते. स्वखर्चाने प्रवेश देऊ केला तर मी तरी नको म्हणेन. शिष्यवृत्ती नसेल तर दोन वर्षांचा युरोपातला खर्च कर्ज काढून करावा इतका या पदवीचा परतावा निश्चित नाही. त्यापेक्षा प्रशिक्षण शाळेची वाट अधिक शहाणपणाची.

दर सत्राला देश बदलायचा तर निवासपरवाना, विमा, बँक आणि घर हे चक्र पुन्हा फिरते, त्याची मनाची तयारी ठेवावी. फ्रान्समध्ये एक खास बाब आहे. तिथल्या अनेक प्रयोगशाळा ‘मर्यादित प्रवेशक्षेत्रा’त मोडतात आणि प्रबंधासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आत पाऊल टाकण्याआधी सुरक्षा-तपासणीतून मंजुरी लागते. यासाठी दोनेक महिने धरून चालावेत आणि विषय व मार्गदर्शक हिवाळ्यातच पक्के करावेत. वसंतात धावपळ करणाऱ्यांचे प्रबंध उशिरा सुरू होतात आणि मग मोजमापांऐवजी नुसत्या संगणकीय अनुकरणावर आटोपावे लागतात. या पदवीचे खरे मोल खऱ्या यंत्रावर मिळालेल्या वेळात आहे, त्यामुळे हे नुकसान मोठे ठरते. भारतात परतून शासकीय नोकरी किंवा पीएच.डी. करायची असेल तर परदेशी संयुक्त पदवीचे समकक्षता प्रमाणपत्र लागेल. त्यासाठी जिथे जिथे शिकलात त्या सर्व ठिकाणच्या गुणपत्रिका आणि पदवीची पुरवणी जपून ठेवावी.

शंकासुर

टांग्याची उपमा मागे घेतो. पण पोटापाण्याची शंका अर्धीच फिटली. पीएच.डी. नंतरही दोन-दोन वर्षांच्या करारांवर देशोदेशी फिरणे चालूच राहते, हे खरे की खोटे?

वारणाकाठ

विद्यापीठीय संशोधनात खरे आहे. मोठ्या यंत्रांच्या प्रयोगशाळांत चित्र थोडे बरे दिसते, कारण यंत्र वीस-तीस वर्षे चालवायचे असते आणि ते जाणणारी माणसे दर दोन वर्षांनी बदलून चालत नाही. लुंडला मॅक्स-४ च्या शेजारीच युरोपीय न्यूट्रॉन स्रोत उभा राहत आहे. त्याचा प्रोटॉन त्वरक २ जीईव्ही आणि ५ मेगावॅट अशा आराखड्याचा आहे आणि त्याला रेडिओवारंवारता, निर्वात, नियंत्रण आणि बीम-निदान या सगळ्यांची माणसे लागतात. रेडिओवारंवारतेचा किंवा अतिसंवाहक पोकळ्यांचा अनुभव असलेला माणूस बेकार बसलेला माझ्या पाहण्यात नाही. निव्वळ सैद्धांतिक बीम-गतिकीवाल्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, अधिक वाट पाहावी लागते.

नाना इंदूरकर

अबोली, तुझ्या प्रश्नाला अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो. हाताने काम कमी झाले आहे म्हणतेस, तर तुमच्या विभागातल्या मायक्रोट्रॉनवर जाऊन बस. मायक्रोट्रॉन लहान असला तरी त्यात त्वरकाचे सगळे अवयव असतात : इलेक्ट्रॉनांचा उगम, मायक्रोवेव्ह शक्ती, पोकळी, चुंबक, निर्वात, किरणोत्सारापासून संरक्षण. तिथल्या तंत्रज्ञांना विचार की बीम आला नाही तर ते आधी काय तपासतात. त्या उत्तरात निम्मा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही मुलाखतीत मी उमेदवाराला हेच विचारत असे, आणि पुस्तकी मुले तिथे गप्प होत.

सप्तरंग

नानांशी सहमत. पायथन येत असल्यास बीम-प्रकाशिकीसाठी सर्नची मॅड-एक्स ही आज्ञावली आणि प्लाझ्मासाठी फ्रान्समध्ये विकसित झालेली ‘स्मिलेई’ दोन्ही मोफत उपलब्ध आहेत. ‘स्मिलेई’ वापरते त्या कण-कोष्ठ (पार्टिकल-इन-सेल) पद्धतीची छोटी उदाहरणे घरच्या संगणकावरही चालतात.

अबोली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. विभागात विचारणा केली आहे आणि मायक्रोट्रॉनवर प्रकल्प करण्याची शक्यता दिसते आहे. एक शेवटचा प्रश्न : दादा, थेट पीएच.डी.चा अर्ज करताना त्वरक भौतिकीचा औपचारिक विषय नसण्याची उणीव कशी भरून काढावी? आणि समजा दोन्हीकडे अर्ज केले, तर उद्देशपत्र एकच चालेल का?

वारणाकाठ

उणीव भरून काढण्यासाठी आधी नोंद घ्यावी अशी गोष्ट म्हणजे जिनिव्हाजवळ, फ्रान्सच्या हद्दीत, आर्शां इथे दर हिवाळ्यात भरणारी ‘जुआस’ ही संयुक्त त्वरक शाळा. जानेवारी ते मार्च साधारण दहा आठवडे, पहिल्या भागात त्वरकांचे विज्ञान आणि दुसऱ्या भागात तंत्रज्ञान, शेवटी परीक्षा. युरोपातले अनेक पीएच.डी. विद्यार्थी हा विषय पहिल्यांदा तिथेच शिकतात, त्यामुळे पीएच.डी.साठी निवड करताना मार्गदर्शक पूर्वीच्या त्वरक-अभ्यासक्रमाचा आग्रह फारसा धरत नाहीत. विद्युतचुंबकत्व आणि गतिकी पक्की आहे का, आणि कुठल्यातरी एका यंत्राशी झटापट केली आहे का, एवढे ते पाहतात. सर्नची त्वरक शाळा १९८३ पासून चालते आणि तिच्या व्याख्यानांची जुनी टिपणे खुली आहेत. त्यांतली प्रास्ताविक अभ्यासक्रमाची टिपणे अर्ज पाठवण्याआधी वाचून, त्यातली उदाहरणे सोडवून ठेव.

उद्देशपत्र एकच चालणार नाही. पदव्युत्तर अर्जात तुला काय शिकायचे आहे आणि ते या चार ठिकाणीच का, हे लिहावे लागते. तिथे रिंगा आणि लेसर यांपैकी कशाकडे कल आहे हे स्पष्ट सांगितलेले चांगले. पीएच.डी.च्या अर्जात जाहिरातीतल्या नेमक्या प्रश्नावर बोलावे लागते : समजा पुंज लांबवणाऱ्या पोकळ्यांवर जागा असेल, तर त्या का लागतात, आणि त्या नसतील तर टाउशेक परिणामामुळे बीमचे आयुष्य किती घटते, याचा ढोबळ हिशोब करून जोडलास तर मार्गदर्शक तो नक्की वाचेल. मायक्रोट्रॉनवरचा प्रकल्प दोन्ही पत्रांत येऊ दे, पण निष्कर्षांपेक्षा काय बिघडले आणि ते कसे शोधले यावर भर दे. इरॅस्मस मुंडुसचे अर्ज साधारण शरद ऋतूत उघडतात आणि हिवाळ्यात बंद होतात, नेमकी तारीख दरवर्षी त्यांच्या पानावर पाहावी. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी गाठ. सुट्टीनंतर सत्रपरीक्षा सुरू होतात आणि मग कोणालाच वेळ नसतो.